अंबरनाथचं शिवमंदिर: चुन्याविना उभे दगड आणि वरचं हरवलेलं शिखर

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलं. गाभाऱ्यात उतरल्यावर वर थेट आभाळ दिसतं. हे मुळातच असं ठेवलं होतं, की शिखर पडलं? मंदिर हेमाडपंती असल्याचं सगळे सांगतात, ते खरं का? आणि चुना न वापरता हे दगड हजार वर्षं उभे राहिले तरी कसे?

जुन्या मंदिरांची मोजमापं घेणं, नकाशे काढणं, कुठला दगड हललाय आणि पाणी कुठून मुरतंय याच्या नोंदी ठेवणं हे माझं नेहमीचं काम. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. तो नीट कळला की पहिल्याचं उत्तर बरंचसं मिळतं.

आधी काळ. महाराष्ट्रातल्या मध्ययुगीन मंदिरांमध्ये अंबरनाथ फार भाग्यवान आहे, कारण त्याचा कोरीव लेख त्याच्याच अंगावर आहे. उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर, आतल्या बाजूला तो आहे. त्यात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या मांवाणिराजाचं, म्हणजे मुम्मुणीचं नाव आहे आणि शके ९८२ हे वर्ष आहे. इसवी सनात ते १०६० येतं. एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख पहिल्यांदा अभ्यासला तेव्हा आकडा ७८२ असा वाचला गेला होता. तसं मानलं तर मंदिर थेट ८६० मध्ये जाऊन पडतं आणि मुम्मुणीच्या काळाशी त्याचा मेळच बसत नाही. पुढे तो ९८२ असा निश्चित झाला. झिजलेल्या एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षं मागे सरकवलं होतं, म्हणून लेखाचा ठसा घेताना आम्ही इतका जीव टाकतो.

छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकापाठोपाठ एक गादीवर आले. छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट १०२६ चा आहे. काम त्याच्या वेळी सुरू झालं आणि धाकट्याच्या वेळी पुरं झालं, असं बरेच अभ्यासक मानतात. इमारतीचा आकार आणि कोरीवकामाची दाटी पाहता मलाही ते पटतं. एवढं काम दोन-चार वर्षांत हातावेगळं होत नाही.

आता हेमाडपंत, ज्याच्या नावावरून हेमाडपंती हा शब्द आला. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे अंबरनाथचा लेख कोरला गेल्यावर दोनशे वर्षांनी. त्याचा या मंदिराशी एकच धागा जुळतो आणि तो बांधकामाचा नाही. १२६५ च्या सुमारास महादेव यादवाने कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला. सोमेश्वर समुद्रात बुडाला, महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्र बरा वाटला, असं वर्णन खुद्द हेमाद्रीच्याच राजप्रशस्तीत आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर नौकांची लढाई कोरली आहे, ती अनेक जण याच संघर्षाशी जोडतात. ज्या घराण्याने अंबरनाथ उभारलं, त्याचा शेवट ज्याने शब्दांत मांडला, त्यालाच आज आपण या मंदिराचं श्रेय देतो. गावात कुणी हेमाडपंती म्हटलं तर मी वाद घालत नाही; चुन्याविना रचलेलं जुनं दगडी देऊळ एवढंच त्यांना म्हणायचं असतं. पण माहितीफलकावर ते लिहू नये, या मताची मी आहे. पांडवांनी एका रात्रीत बांधल्याची कथाही इथे सांगतात. ती श्रद्धेची गोष्ट आहे, फलकावरची चूक मात्र शाळेच्या सहलीसोबत घरोघरी जाते.

मग मंदिराची शैली कोणती? भूमिज. तिचं माहेर माळवा. माळव्याचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात भूमिज प्रासादांचा स्वतंत्र अध्याय आहे. याच भोजाच्या १०२० सालच्या दोन ताम्रपटांत कोकणविजयाच्या सोहळ्याचा उल्लेख येतो. तेव्हा कोकणात छित्तराजाचा चुलता अरिकेसरी राज्य करत होता. लढाया झाल्या तरी कारागीर, व्यापारी आणि यात्रेकरू दोन्हीकडून ये-जा करतच असतात. शिवाय कल्याणसारखं जुनं बंदर इथून हाकेच्या अंतरावर. या शैलीचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणून विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरचं उदयेश्वर मंदिर दाखवतात, पण ते पुरं झालं १०८० च्या सुमारास. अंबरनाथचा लेख त्याच्या वीस वर्षं आधीचा आहे. तेव्हा माळव्यातलं तयार देऊळ पाहून कोकणात नक्कल झाली, असं म्हणायला जागा राहत नाही. एकाच पिढीतले सूत्रधार, म्हणजे मंदिर रचणारे मुख्य कारागीर, दोन्हीकडे तीच पद्धत घडवत होते.

भूमिज शिखराची खूण एकदा डोळ्यांत बसली की विसरत नाही. चार मुख्य दिशांना खालपासून वरपर्यंत जाळीदार नक्षीची एकेक उभी पट्टी जाते, तिला लता म्हणतात. लतेच्या पायथ्याशी गवाक्षाच्या आकाराचं मोठं पदक असतं, ते शूरसेनक. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या खांबांवर बसवलेली इवलाली शिखरं, म्हणजे कूटस्तंभ, आडव्या रांगांमध्ये मांडलेले असतात. एक रांग म्हणजे एक भूमी. वर जाताना प्रत्येक भूमी थोडी लहान होते आणि टोकाला आमलक, म्हणजे आवळ्यासारखा कंगोरेदार चपटा गोल दगड, येतो. अंबरनाथला या शिखराचा फक्त खालचा भाग उरला आहे. लतेची सुरुवात दिसते, कूटांच्या खालच्या रांगा दिसतात आणि मग सगळं एकदम तुटतं. उरलेलं शिखर डोळ्यांनी पुरं करायचं असेल तर सिन्नरला जाऊन गोंदेश्वर पाहा. तिथे तेच भूमिज शिखर उभं आहे. झोडग्याचा माणकेश्वर आणि रतनवाडीचा अमृतेश्वर हीही याच कुळातली देवळं.

तुमचा तिसरा प्रश्न. दगडात चुना नाही, याचा अर्थ त्यांना चुना माहीत नव्हता असा होत नाही. विटांच्या बांधकामाची परंपरा महाराष्ट्रात याहून बरीच जुनी आहे; तेरचं त्रिविक्रम मंदिर पाहा. इथे घडीव दगडाचं कोरडं बांधकाम विचार करून निवडलेलं आहे. कारण दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. काळ्या बेसाल्टवर कितीही वजन ठेवा, तो हूं की चूं करत नाही. तोच दगड आडवा टाकून मध्ये वजन दिलं की खालच्या बाजूने तडकतो. म्हणून सगळी रचना अशी केली जाते की प्रत्येक दगड फक्त दाबला जावा. वजन सरळ खाली उतरत असेल तर दोन दगडांना चिकटवायची गरजच राहत नाही, त्यांच्यातलं घर्षण पुरतं.

पण त्यासाठी दगड दगडावर पूर्ण टेकला पाहिजे. मधे एखादा उंचवटा राहिला तर सगळा भार त्या एका बिंदूवर येतो आणि तिथून चीर जाते. जुन्या मंदिरांच्या आवारात सुटे पडलेले घडीव दगड असतात, त्यातल्या एखाद्याजवळ बसून त्याची टेकणारी बाजू बघा. दर्शनी कडेला दोन-तीन बोटं रुंदीची पट्टी अगदी सपाट, बारीक छिन्नीने साधलेली असते. तिच्या आतला भाग जाणूनबुजून किंचित खोल आणि खरबरीत ठेवलेला असतो. टॉर्च तिरपा धरला की छिन्नीचे समांतर फराटे सावलीने उठून दिसतात आणि पट्टीपाशी आल्यावर एकदम बारीक होतात. पाथरवटाने सगळी मेहनत त्या पट्टीवर खर्च केलेली असते, कारण सांधा बाहेरून दिसणार तो तिथे. मागचं अंग तर नुसतं फोडून काढल्यासारखं असतं. ते भिंतीच्या पोटात जाणार.

भिंतीचं पोट ही फार लोकांना माहीत नसलेली गोष्ट. बाहेरून अखंड वाटणारी मंदिराची भिंत बहुधा दोन पदरांची असते. बाहेर घडीव दगडांचा एक पदर, आत गाभाऱ्याच्या बाजूला दुसरा, आणि मधे लहान दगड आणि कपच्यांची भर. दोन्ही पदर एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून मधूनमधून लांब दगड आतवर घुसवलेले असतात. ही भर कोरडी आणि घट्ट आहे तोवर भिंत ढिम्म हलत नाही. भरीत पाणी मुरलं, माती वाहून गेली किंवा पिंपळाचं मूळ शिरलं की बाहेरचा पदर फुगायला लागतो. दगड जागच्या जागी असतो, पण ओळ किंचित पोट काढते. मोजमापाच्या वेळी आम्ही ओळंबा लावून सगळ्यात आधी तेच पाहतो.

खांबांचं वेगळं आहे. खांबाचे तुकडे एकावर एक बसवताना खालच्याला खाच आणि वरच्याला खुंटी ठेवलेली असते, म्हणजे तुकडा जागेवरून सरकत नाही. खांबाच्या डोक्यावर चार बाजूंना हात निघालेलं शीर्ष असतं, बऱ्याचदा त्यावर भार उचलणारे कीचक कोरलेले असतात. ती नुसती शोभा नाही. त्या हातांमुळे तुळईचं मधलं अंतर कमी होतं आणि तिच्यावरचा ताण घटतो. कीचकाचे फुगलेले गाल आणि वाकलेल्या मांड्या पाहून मला नेहमी वाटतं की कोरणाऱ्याला तिथे किती भार येतो हे नेमकं ठाऊक होतं.

आता छत. दगडी तुळई फार लांब टाकता येत नाही, मग अंबरनाथच्या सभामंडपासारखी मोठी जागा कशी झाकायची? तिथे मध्यभागी चार कोरीव खांब आहेत आणि त्यांच्यावरच्या चौकटीवर घुमटासारखं छत उठतं. तो कमानीचा घुमट नव्हे. दगडांचं एक वर्तुळ, त्याच्यावर किंचित आत सरकवलेलं दुसरं, मग तिसरं, असं करत वर्तुळ मिटत जातं आणि शेवटी मधला दगड बसतो. वर्तुळातला प्रत्येक दगड आत पडू पाहतो, पण त्याचे दोन्ही शेजारी त्याला तेवढी जागाच देत नाहीत. सगळे एकमेकांना आवळून धरतात. शिवाय प्रत्येक दगडाची शेपूट मागे लांब असते आणि तिच्यावर वरच्या थरांचं व भरीचं वजन येतं, त्यामुळे पुढचा कोरीव भाग अधांतरी असूनही झुकत नाही. यातून एक धडा आम्हा लोकांना कायम लक्षात ठेवावा लागतो: जुन्या छतावरची भर निरुपयोगी माती समजून काढून टाकली, की शेपटीवरचं वजन जातं आणि खालचं सुंदर छत धोक्यात येतं. गावोगावी जीर्णोद्धाराच्या उत्साहात हे घडतं.

इथून पहिल्या प्रश्नाकडे येते. भूमिज शिखरही याच तत्त्वावर उभं असतं. बाहेरून भरीव वाटलं तरी आतून थर आत आत सरकत पोकळी मिटवत नेतात. गाभाऱ्याचं छत आणि त्यावरची ही पोकळी, दोन्ही जागेवर असतील तर आत अंधार असतो. अंबरनाथला दोन्ही नाहीत, म्हणून साधारण तेरा-चौदा फूट चौरस गाभाऱ्यात सरळ आभाळाचा उजेड येतो. ही रचना हेतुपुरस्सर होती असं मी मानत नाही आणि त्याचं कारण खिद्रापूरला सापडतं. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडप आहे. अठ्ठेचाळीस खांबांचा मंडप आणि मधोमध छताला मुद्दाम ठेवलेलं गोल उघडं तोंड. तिथे उघड्या वर्तुळाची कड घडवलेली आहे, पूर्ण केलेली आहे. शेवटच्या थराला आपण शेवटचा थर आहोत हे ठाऊक आहे. अंबरनाथच्या उरलेल्या शिखराला अशी घडीव कड नाही. ते मधेच थांबतं. म्हणजे त्याच्यावर आणखी काही यायचं होतं, किंवा आलं होतं आणि गेलं.

यातलं कोणतं? माझा कौल पडलं या बाजूला आहे. मंडपाचं काम, दारांच्या चौकटी, बाहेरच्या जंघेवरच्या, म्हणजे भिंतीच्या मधल्या उभ्या भागावरच्या, मूर्ती आणि उरलेल्या भूमींची नक्षी हे सगळं बारीक हातांनी संपवलेलं आहे. काम अर्धवट राहिलेल्या देवळांत अशी सर्वत्र सारखी सफाई क्वचित दिसते. तिथे कुठे नुसता आखलेला, न कोरलेला दगड सापडतो. आणि शिखराचं डोकं हा कोरड्या बांधकामाचा सगळ्यात नाजूक भाग आहे. वर वजन सगळ्यात कमी, म्हणजे दगडांना दाबून धरणारा भारही सगळ्यात कमी. पक्ष्यांनी आणलेलं पिंपळाचं बी रुजतं तेही तिथेच. कोकणातला धुवाधार पाऊस, सांध्यांत मुळं, आणि बघायला वर कोणी चढत नाही. आमलक आणि त्याखालचे एक-दोन थर निसटले की पोकळीचं तोंड उघडतं, मग पाणी आतून भरीत शिरतं आणि पुढची पडझड लवकर होते.

गाभारा मंडपापेक्षा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, याचंही लोकांना कुतूहल असतं. औंढा नागनाथलाही लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. जिथे लिंग स्वयंभू मानलेलं असतं तिथे देवाला हलवता येत नाही. मंदिर त्याच्याभोवती आणि त्याच्या पातळीला धरून उभं करावं लागतं. मंडप वर, देव खाली, आणि मधल्या पायऱ्या हा त्यातून निघालेला मार्ग. इथे वालधुनी नदीच्या काठावर तर पाण्याची पातळी लक्षात घेऊन जोतं उंच करणं भागच होतं.

बाहेरच्या भिंतीविषयी थोडं. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर समोरच्या बाजूवर ऊन येतं आणि भिंतीचे कोपरे जिवंत होतात. भिंत सरळ नाही, ती सारखी पुढे-मागे होते. एवढे कोपरे ठेवण्यात दोन फायदे साधले आहेत: भिंतीला कंगोऱ्यांमुळे ताठरपणा येतो, आणि प्रत्येक कोपऱ्यावर उजेड-सावलीची उभी रेघ पडते, तीच पुढे शिखरावरच्या कूटांच्या रांगेत चढत जाते. खालचा कोपरा आणि वरचं कूट एकाच ओळीत येतात हे एकदा पाहिलं की भिंत आणि शिखर वेगळे उरत नाहीत. मूर्तींमध्ये गजासुरसंहार जरूर शोधा: शिवाने हत्तीचं कातडं डोक्यावर दोन्ही हातांनी ताणून धरलंय. चामुंडेच्या बरगड्या पाहा. ब्रह्मदेवाच्या मूर्तीही इथे आहेत, आणि शिवालयाच्या भिंतीवर त्या मुद्दाम थांबून पाहाव्यात अशा आहेत.

पण यातल्या बऱ्याच मूर्तींचे चेहरे आज ओळखू येत नाहीत. काही पावसाने झिजले, काही दगडातल्याच कच्च्या शिरांमुळे पापुद्रे सुटून गेले. आजूबाजूला रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे, वालधुनीचं पाणी अनेक वर्षं प्रदूषित आहे, आणि अशा हवेतला ओलावा दगडाला चांगला नसतो. १८६८ मध्ये सरकारने मुंबईच्या कलाशाळेतल्या लोकांकडून या मंदिराची रेखाटनं आणि साचे करून घेतले होते. त्या काळात कुणाला तरी हे जपून ठेवावंसं वाटलं, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते, कारण तेव्हा उठून दिसणारी नक्षी नंतर झिजतच गेली आहे.

मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे आणि पूजाही रोज चालते. महाशिवरात्रीला तर पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, फक्त काही पथ्यं पाळावी लागतात. कोरीवकामावर तेल, शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू नये. दगडाची छिद्रं बुजतात, आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि पापुद्रा आतून सुटतो. आणि तुमच्या गावच्या जुन्या देवळाच्या सांध्यांत कुणी सिमेंट भरायला निघालं असेल तर कृपा करून त्यांना थांबवा. कोरड्या सांध्यातून शिरलेलं पाणी त्याच सांध्यातून बाहेर पडतं. सिमेंटने ते तोंड बंद केलं की पाणी भिंतीच्या पोटात कोंडतं, वर सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात आणि सांध्याच्या कडेचा दगडच भुसभुशीत होऊन गळू लागतो. काही भरायचंच असेल तर चुन्याचं, तेही छतावर पाणी अडवण्यापुरतं आणि जाणकाराच्या देखरेखीखाली. पावसाळ्याआधी वर उगवलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच काढणं हे त्याहून कितीतरी स्वस्त आणि जास्त उपयोगाचं काम आहे. मूळ जाड झाल्यावर मात्र ओढून उपटू नका, ते दगडाला घेऊन बाहेर येतं. कापून जागीच वाळवावं लागतं.

सिन्नरला जाणार असाल तर सकाळी जा. गोंदेश्वर पूर्वाभिमुख आहे, पंचायतन आहे, म्हणजे एकाच जोत्यावर मुख्य शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांत विष्णू, सूर्य, गणेश, पार्वती यांची लहान देवळं. समोर नंदीमंडप. जोत्यावरचा हत्तींचा थर पाहत उत्तरेकडे गेलात की अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं मकरमुख दिसेल. तिथे उभे राहून वर बघा: मकराच्या डोक्यावरून लतेची पट्टी सरळ आमलकापर्यंत चढत जाते. अंबरनाथला जिथे तुमची नजर अडली होती, त्याच्या पुढचा सगळा भाग इथे आहे.